थेंब थरथरतो, तापतो, पण सरकत नाही: पीसीबी दाबून केलेल्या सॉ उपकरणाचं नेहमीचं दुखणं

सॉ (सरफेस अकूस्टिक वेव्ह) उपकरण म्हणजे स्फटिकाच्या पृष्ठभागावर ध्वनितरंग उठवून त्याने थेंब ढकलणारं उपकरण. तक्रार बहुतेक वेळा शीर्षकातल्याच शब्दांत येते. पहिल्या दिवशी पाच मायक्रोलिटरचा थेंब स्फटिकावरून सर्रकन पळाला, सगळ्यांनी व्हिडिओ काढले. दोन दिवसांनी तीच फ्रिक्वेन्सी, तोच ॲम्प्लिफायर, तेवढीच पॉवर, आणि थेंब जागच्या जागी थरथरतो, कोमट होतो, सुकून जातो. मग कुणीतरी पॉवर वाढवतं आणि ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. वेफरला, म्हणजे स्फटिकाच्या पातळ चकतीला, तडा गेलेला असतो, आणि या सगळ्या मांडणीत खरोखर महाग म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू असते.

मी बोलतेय ते सगळ्यात स्वस्तात जमणाऱ्या रचनेबद्दल. लिथियम नायोबेटचा १२८ अंश वाय-कट (हा स्फटिक कापण्याचा कोन) वेफर घ्यायचा. त्यावर धातूचा थर चढवण्याऐवजी एकमेकांत गुंतलेल्या बोटांचा नमुना (आयडीटी; याला वीज दिली की स्फटिकावर तरंग उठतो) पीसीबीवर, म्हणजे तांब्याच्या रेघांच्या सर्किट बोर्डावर, करून घ्यायचा आणि तो पीसीबी स्फटिकावर नुसता दाबून धरायचा. क्लीनरूम लागत नाही, मास्क लागत नाही, व्हॅक्यूममध्ये धातू उडवणारं यंत्र लागत नाही. बोटं खराब झाली तर पीसीबी फेकायचा, स्फटिक तसाच राहतो. ज्या कॉलेजात मायक्रोफ्लुइडिक्स (द्रवाच्या अगदी छोट्या मात्रांची हाताळणी) शिकवायचंय पण फॅब्रिकेशनची सोय नाही, तिथे याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. म्हणूनच पहिल्या अपयशाला कंटाळून लोक हा मार्ग सोडतात तेव्हा फार वाईट वाटतं.

पुढची आकडेमोड ०.१ मिलिमीटर रुंद बोटं आणि मध्ये ०.१ मिलिमीटर फट धरून केली आहे. दोन बोटं आणि दोन फटी मिळून एक तरंगलांबी, म्हणजे ०.४ मिलिमीटर. या कटवर पृष्ठतरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ३,९९० मीटर असतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सी १० मेगाहर्ट्झच्या आसपास येते. बोटांच्या २० जोड्या, प्रत्येक बोट आठेक मिलिमीटर लांब.

आधी ॲम्प्लिफायर बंद करा

थेंब हलत नाही म्हटल्यावर हात पॉवरच्या बटणाकडे जातो. तो आवरा. गेलेली पॉवर तरंगात जात नसेल तर ती दोनच ठिकाणी जाते: परत ॲम्प्लिफायरमध्ये, किंवा बोटांपाशी उष्णतेत. लिथियम नायोबेट उष्णता नीट पसरवत नाही. बोटांखालचा भाग तापतो, दोन सेंटिमीटरवरचा भाग गारच राहतो, आणि या फरकाने स्फटिक फुटतो. तो पायरोइलेक्ट्रिकही आहे, म्हणजे तापमान बदललं की पृष्ठभागावर विद्युतभार साठतो. हा गुण लक्षात ठेवा, पुढे धुळीच्या संदर्भात त्याची गाठ पडणार आहे.

दुसरा संशय नेहमी फ्रिक्वेन्सीवर घेतला जातो: ‘तापल्यामुळे सरकली असेल.’ सरकते, पण किती? या कटसाठी अंशाला दहा लाखात पंचाहत्तर भाग. स्फटिक ४० अंशांनी तापला तरी १० मेगाहर्ट्झवर फरक पडतो ३० किलोहर्ट्झचा. वीस जोड्यांच्या आयडीटीची बँडविड्थ, म्हणजे तो ज्या पल्ल्यात काम करतो ती रुंदी, ५०० किलोहर्ट्झच्या घरात असते. एवढ्याशा सरकण्याने कालचं चालणारं उपकरण आज मरत नाही.

नॅनोव्हीएनए लावा, आणि बोट ओलं करा

नॅनोव्हीएनए हे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर सिग्नल पाठवून किती परत येतो ते मोजणारं काही हजार रुपयांचं यंत्र नसेल तर कुणाकडून तरी मागून आणा. त्याशिवाय हे काम अंधारात चाचपडण्यासारखं आहे. ॲम्प्लिफायरची वायर काढा, तिथे नॅनोव्हीएनए जोडा आणि एस११, म्हणजे परत येणाऱ्या सिग्नलचा आलेख, बघा. एस११ शून्य डेसिबलला चिकटलेला असेल तर सगळी पॉवर परत येतेय. उणे ३ म्हणजे निम्मी परत, उणे १० म्हणजे दहावा हिस्सा परत.

इथे एक साधी गोष्ट अनेकांना अडवते. यंत्र सुरू केल्यावर ते जवळपास शून्यापासून ९०० मेगाहर्ट्झपर्यंत झाडून बघतं आणि तेही १०१ बिंदूंत. म्हणजे दोन बिंदूंमध्ये ९ मेगाहर्ट्झचं अंतर. आयडीटी पॉवर घेतो तिथे एस११ च्या आलेखात पडणारा अर्ध्या मेगाहर्ट्झचा खड्डा त्यात दिसणारच नाही. पल्ला ९ ते ११ मेगाहर्ट्झ करा, त्या पल्ल्यावर पुन्हा कॅलिब्रेट करा, मग बघा.

खड्डा दिसला म्हणून खूश होऊ नका. तो ध्वनीचा आहे की नुसता विजेचा, हे अजून कळायचंय. त्यासाठीची चाचणी मला फार आवडते, कारण तिला काहीच लागत नाही. स्फटिकाच्या मोकळ्या टोकाला, आयडीटीपासून दूर, तुमच्या हाताचं ओलं बोट टेकवा. टोक मोकळं असतं तेव्हा तरंग तिथून परतून येतो आणि आयडीटीला भेटतो, त्यामुळे खड्ड्याच्या आत बारीक लाटा दिसतात. आयडीटीच्या मध्यापासून टोक २० मिलिमीटरवर असेल तर या लाटा साधारण १०० किलोहर्ट्झच्या अंतराने येतात. ओलं बोट टेकवलं की तरंग पाण्यात शोषला जातो आणि पडद्यावरच्या लाटा सपाट होतात. बोट उचललं, पुसलं, की परत येतात. हे दिसलं तर तुमच्या स्फटिकात खरोखर तरंग धावतोय. खड्डा आहे पण ओल्या बोटाने काहीच बदलत नसेल, तर तुमची पॉवर पीसीबीच्या एफआरफोर बोर्डात, वायरीत किंवा कुठल्यातरी ओलसर जागी जातेय. नॅनोव्हीएनएची पॉवर नगण्य असते, म्हणून हे करायला हरकत नाही. ॲम्प्लिफायर चालू असताना बोटांच्या जवळ हात नेऊ नका, भाजतं.

खरा गुन्हेगार: हवेचा पापुद्रा

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या बहुतेक इथेच सुटतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

बर्कलीच्या व्हाइट आणि व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये आयडीटीने पृष्ठतरंग उठवून दाखवले, तेव्हापासून पुस्तकातली जवळजवळ सगळी सूत्रं धातू स्फटिकाला चिकटलेला आहे असं धरूनच लिहिली गेली. आपण मात्र तो दाबून धरतो. मध्ये हवा राहते. लिथियम नायोबेटचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक दिशेनुसार बदलतो, पण या कामापुरता पन्नासच्या आसपास धरा. हवेचा एक. याचा अर्थ, विद्युतक्षेत्राच्या दृष्टीने एक मायक्रॉन हवा म्हणजे पन्नास मायक्रॉन स्फटिक. बोटांमधलं अंतर आहे १०० मायक्रॉन. म्हणजे दोन मायक्रॉनची फट राहिली तरी क्षेत्राचा मोठा हिस्सा हवेतच खर्ची पडतो, स्फटिकापर्यंत पोचत नाही. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून दोन मायक्रॉन म्हणजे किती ते बघा.

आता पीसीबी किती सपाट असतो? सरफेस माउंटच्या बोर्डांसाठी ०.७५ टक्के वाक चालवून घेतला जातो. ५० मिलिमीटर लांब बोर्डात तो पावणेचार दशांश मिलिमीटर होतो. तो वाक एकसारखा कमानीसारखा असेल तर मधल्या १० मिलिमीटरमध्ये, जिथे तुमची बोटं आहेत तिथे, सुमारे १५ मायक्रॉनचा फुगवटा किंवा खड्डा उरतो. दोन मायक्रॉन जिथे भारी पडतात तिथे पंधरा! दाबल्यावर यातला बराच निघून जातो, सगळा जात नाही. किती गेला ते रोज कसं दाबलंय यावर ठरतं, आणि ‘काल चालत होतं’चा अर्थ बहुधा इथेच असतो.

फट डोळ्याने दिसत नाही, पण तिचा ठसा घेता येतो. फिटर लोक सपाटपणा बघायला ‘ब्लू’ हा निळा रंग लावतात, तीच युक्ती. रबरी शिक्क्याच्या पॅडवरची शाई बोटाच्या टोकाला अगदी पुसटशी घ्या आणि पीसीबीच्या आयडीटीवर एकदाच फिरवा. स्फटिकाऐवजी मायक्रोस्कोपची स्वच्छ काचपट्टी ठेवा, नेहमीसारखा क्लॅम्प आवळा, लगेच सोडवा, काचपट्टी उजेडासमोर धरा. चांगल्या दाबाचा ठसा म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या दाट रेघा. बिघडलेल्या उपकरणात हमखास दिसतं ते असं: चारही कोपऱ्यांत रेघा काळ्याभोर आणि मधोमध नुसती कोरी काच. चार कोपऱ्यांत चार स्क्रू असलेला क्लॅम्प दुसरं काही करूच शकत नाही, तो कडा दाबतो आणि पोट उचलतो. ठसा बघून झाल्यावर पीसीबी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा, शाई राहता कामा नये.

उपाय क्लॅम्पच्या रचनेत आहे. दाब आयडीटीच्या बरोबर मागून यायला हवा. पीसीबीच्या पाठीवर, बोटांच्या मागच्या चौकोनाएवढाच, दोन-तीन मिलिमीटर जाड मऊ सिलिकॉन रबराचा तुकडा ठेवा आणि त्यावर एकच स्क्रू किंवा स्प्रिंग येऊ द्या. रबर दाब वाटून देतं. बोर्ड १.६ मिलिमीटरऐवजी ०.८ किंवा ०.६ चा मागवा, तो स्फटिकाच्या आकाराशी जुळवून घेतो. फ्लेक्सिबल पीसीबी परवडत असेल तर त्याहून उत्तम. स्क्रू आवळताना नजर नॅनोव्हीएनएवर ठेवा: पाव वळण, थांबा, बघा. खड्डा खोल होत जाईल, मग एका टप्प्यानंतर उथळ आणि पसरट व्हायला लागेल, कारण जास्त दाबलेला धातू तरंगालाच दाबून टाकतो. तिथून थोडं मागे या. ती जागा स्क्रूवर मार्करने खूण करून ठेवा.

फटीत पाणी किंवा ग्लिसरीन भरायचा मोह होतो, कारण त्यांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोठा आहे. एस११ सुंदर होतो. थेंब मात्र हलत नाही. पृष्ठतरंग द्रवाला भेटला की त्यात गळतो, पाण्याखाली साधारण बारा तरंगलांबी गेल्यावर त्याचा आयाम एक-तृतीयांशाच्या जवळ येतो. आपल्या मापात हे पाच मिलिमीटर, आणि आयडीटीच आठ मिलिमीटर लांब. जन्मतःच बराचसा तरंग बोर्डात गळून जातो. ओल्या बोटाची चाचणी इथे लगेच खोटेपणा उघडा पाडते.

धूळ, आणि ती परत परत का येते

वीस मायक्रॉनचा एक कण अख्ख्या आयडीटीला तंबूच्या खांबासारखा वर धरतो. सगळ्यांना हे माहीत असतं आणि सगळे पहिल्या दिवशी स्फटिक पुसतात. पण एकदा प्रयोग झाला, स्फटिक तापला आणि गार झाला, की त्याच्या पृष्ठभागावर तो पायरोइलेक्ट्रिक भार बसतो. टेबलावर उघडा ठेवलेला असा स्फटिक रात्रभरात धूळ ओढून घेतो. दुसऱ्या दिवशी तो ‘कालच पुसलाय’ म्हणून तसाच बसवला जातो.

म्हणून पुसणं दर वेळी, बसवायच्या आधी लगेच: ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कॅमेऱ्याच्या लेन्ससाठीचा हवेचा फुगा. कापूस नको, त्याचे तंतू राहतात, लेन्स पुसायचा कागद घ्या. गरम हवेचा ड्रायर तर अजिबात नको, त्याने भारही वाढतो आणि तडाही जाऊ शकतो.

तांबं घासू नका

पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडे उघडं तांबं काळवंडतं आणि लगेच पॉलिश पेपर बाहेर येतो. काळवंडलेला थर इतका पातळ असतो की मायक्रॉनच्या हिशेबात तो मोजायलाही नको, आणि आपली जोडणी विद्युतक्षेत्राची आहे, धातूला धातू भिडायची गरजच नाही. घासल्याने मात्र बोटांच्या कडा गोल होतात, उंची असमान होते आणि तांब्याच्या कुसळी शेजारच्या बोटाला टेकतात. एक जरी कुसळ टेकली तरी अख्खा आयडीटी शॉर्ट. काळं झालेलं फक्त कनेक्टरच्या सोल्डरपाशी साफ करा.

बोर्ड मागवतानाच तीन गोष्टी लिहून द्या. फिनिश सोन्याचं, म्हणजे एनिग. हॅसल या दुसऱ्या फिनिशचं कथील कुठे जाड कुठे पातळ बसतं, ते चालणार नाही. आयडीटीच्या पूर्ण भागावरून सोल्डर मास्क (बोर्डावरचा रंगीत संरक्षक थर) काढलेला हवा, आणि फक्त बोटांवरून नाही तर स्फटिक जिथे जिथे बोर्डाला टेकतो तिथूनही, कारण मास्कची कड बोटांपेक्षा उंच असते. तांबं अर्ध्या औंसाचं, सुमारे १८ मायक्रॉन, ०.१ मिलिमीटरची फट त्यात स्वच्छ कोरली जाते. बुधवार पेठेतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून तांब्याचा कोरा बोर्ड आणि फेरिक क्लोराइड आणून घरी केलेली बोटं शिकण्यापुरती ठीक आहेत, पण ०.१ च्या रेघा त्यात कडेने खाल्ल्या जातात.

बोर्ड आला की मल्टिमीटरने दोन पट्ट्यांमधला रोध तपासा. अनंत यायला हवा. काही किलोओहम दाखवत असेल तर फ्लक्स किंवा ओल आहे, काही ओहम दाखवत असेल तर शॉर्ट आहे, भिंगातून शोधा. चालू उपकरणात हा रोध अचानक घसरला तर थेंबाकडे संशयाने बघा: जास्त पॉवरवर थेंबाचा तुषार होतो आणि तो पीसीबीच्या कडेखाली जाऊन बसतो. मिठाचं द्रावण असेल तर आणखी वाईट. थेंब आयडीटीपासून पाच मिलिमीटर तरी दूर ठेवा.

तरंग आहे, तरी थेंब सरकत नाही

ओल्या बोटाची चाचणी नीट आली, ठसा सारखा आला, आणि तरी थेंब नुसता थरथरतो? मग तरंग दोन्ही बाजूंनी येतोय. पाच मायक्रोलिटरचा थेंब जेमतेम पावणेतीन मिलिमीटर रुंद असतो. आठ मिलिमीटर रुंद तरंगाचा बराच भाग त्याच्या बाजूने निघून जातो, उरलेल्यातलाही काही थेंबाखालून पार होतो. हे सगळं स्फटिकाच्या टोकावर आपटून परत येतं आणि थेंबाला मागे ढकलतं. शिवाय आयडीटी मागच्या दिशेलाही तेवढाच तरंग सोडतो, तोही मागच्या कडेवरून फिरून येतो. मघाशी ज्या ३० किलोहर्ट्झला निर्दोष सोडलं, ते इथे मात्र उपद्रव देतात: १०० किलोहर्ट्झच्या लाटांमध्ये ३० ने सरकलं की थेंबाखालचा नमुना बदलतो, म्हणून थेंब पहिले काही सेकंद पळतो आणि मग अडकतो.

दोन्ही टोकांना बाथरूमच्या फटी भरायचा सिलिकॉन सीलंट चार-पाच मिलिमीटर रुंद पट्टीत लावा, कड तिरकी ठेवा, रात्रभर सुकू द्या. एस११ मधल्या लाटा जवळजवळ नाहीशा झाल्या पाहिजेत. नको असेल तेव्हा तो सोलून निघतो.

कधी कधी दोष ध्वनीचा नसतोच. पॉवर बंद ठेवून स्फटिक तिरका करा. थेंब उभ्या स्फटिकावरही चिकटून राहत असेल तर पृष्ठभाग पाणी धरून ठेवतोय. लिथियम नायोबेट मुळात पाण्याला दूर लोटत नाही, आणि प्रथिनांचा नमुना एकदा त्यावर सुकला की थेंब तिथे खिळतो. पाणी ओघळून जावं म्हणून गाडीच्या काचेला लावतात तो द्रव पातळ लावून पुसून घेतला तरी मोठा फरक पडतो. पीसीबीखालच्या भागावर तो लागू देऊ नका.

तीन किरकोळ गोष्टी. मगरचिमटे काढून टाका: दहा सेंटिमीटर सुट्या वायरचा इंडक्टन्स साधारण ०.१ मायक्रोहेन्री, १० मेगाहर्ट्झवर तो सहा ओहमचा अडथळा होतो, आणि चिमटा हलला की तोही हलतो. एसएमए कनेक्टर बोर्डावरच सोल्डर करा. दुसरं, आयडीटीची बोटं स्फटिकाच्या एक्स अक्षाला काटकोनात हवीत. वेफरचा फ्लॅट (सरळ कापलेली कड) कुठल्या अक्षाचा आहे ते विक्रेत्याच्या कागदावर असतं, अंदाजाने धरू नका. तिसरं, गुळगुळीत बाजू बोटांकडे. मंद प्रकाशात पुसून उलटा ठेवलेला वेफर सहज उलटाच बसतो.

हातात चालतं, मायक्रोस्कोपवर मरतं

हा वेगळा आजार आहे आणि त्याचं मूळ वेफरच्या जाडीत आहे. पृष्ठतरंग साधारण एका तरंगलांबीएवढ्या खोलीपर्यंत जातो. बाजारातला नेहमीचा वेफर अर्धा मिलिमीटर जाड असतो. ०.४ मिलिमीटरच्या तरंगलांबीला तो कसाबसा पुरतो. पण स्वस्तात मिळतात म्हणून ०.१५ मिलिमीटरच्या रेघा घेतल्या तर तरंगलांबी ०.६ होते, वेफरच्या जाडीपेक्षा जास्त, आणि मग वरचा पृष्ठभागच नाही तर अख्खी पट्टी हलायला लागते. अशा वेळी मागच्या बाजूला जे टेकेल ते तरंग शोषून घेतं: मायक्रोस्कोपचा स्टेज, थर्मल पेस्ट, दुहेरी चिकटपट्टी. वेफर फक्त दोन कडांवर टेकवा, मध्ये मोकळी हवा ठेवा. नवीन घेणारच असाल तर एक मिलिमीटर जाडीचा घ्या.

मोकळ्या हवेत ठेवला की तो जास्त तापतो, हे खरं. म्हणून सलग पॉवर देऊ नका. सिग्नल जनरेटरच्या बर्स्ट मोडमध्ये दहा टक्के वेळ चालू, नव्वद टक्के बंद असं ठेवा, आणि एका वॉटच्या वर जाताना मिनिटभर वेळ घेत चढा, उतरतानाही तसंच.

तडा गेलाच असेल तर वेफर फेकू नका. तिरप्या उजेडात बघा, तडा केसासारखी चकाकणारी रेघ दिसतो. त्या रेघेवर तुकडा अलग होऊ द्या. १५ बाय ३० मिलिमीटरचा शाबूत तुकडा उरला तरी बोटं त्यावर पुन्हा दाबता येतात. तुकड्याच्या पाठीवर एक्स अक्षाचा बाण मार्करने काढा, टोकांना सीलंट लावा, आणि नवा एस११ काढून त्याच डबीत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी तक्रार आली की तुलना त्या आलेखाशी करता येईल.